ठेवायच्या वस्तूंची यादी

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर खुर्ची कलती करून तिचं बूड बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. आमच्या सीनियर वकिलांच्या मुलीच्या लग्नात स्टेजवरचं नवरा-नवरीचं मखमली सिंहासन ह्या गृहस्थांनी दोन बोटांनी उचलून खालून तपासलं. फोटोग्राफर ओरडला. तसे ते शांतपणे म्हणाले, "भाड्याचं आहे. असलं आम्हाला चालत नाही," आणि जेवायला गेले. जेवले मात्र उभ्यानं. पंगतीत जागा रिकामी होती तरी उभ्यानंच.

ते कोर्टात बेलिफ होते. बेलिफ म्हणजे कोर्टाचा हुकूम हातात घेऊन लोकांच्या दारात जाणारा माणूस. न्यायाधीश हुकूम लिहून मोकळे होतात, वकील फी घेऊन मोकळे होतात, पण दार वाजवायला हाच. समन्स असो, घराचा ताबा असो नाहीतर सामानाची जप्ती असो, शिव्या खायला पहिला मान ह्याचा. मी तेव्हा नुकतीच यवतमाळहून पुण्यात वकिली शिकायला आले होते, नारायण पेठेत एका खोलीत आम्ही तिघी राहत होतो, आणि मला सीनियरनी पहिलंच काम दिलं ते ह्या गृहस्थांबरोबर जप्तीला जाण्याचं. "वस्तू दाखवायच्या आणि गप्प राहायचं," असं बजावून पाठवलं होतं. गप्प राहणं हा माझा विषय नाही. पण त्या दिवशी खरोखरच माझी वाचा बसली.

झालं असं, की आम्ही दारात उभे. घरातली बाई रडायच्या बेतात, नवरा भांडायच्या बेतात. ह्यांनी चपला काढल्या, जाड भिंगांचा चष्मा लावला, खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि सत्यनारायणाची पोथी वाचावी तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली:

"न्यायचं काय ते मला ठाऊक आहे. ठेवायचं काय ते आपण ऐका. नेसायची वस्त्रं. शिजवायची भांडी. अंथरूण-पांघरूण. बाईमाणसाचं सौभाग्यलेणं. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं. हे सगळं कायद्यानं घरात राहील. यातलं काही मी उचललं, तर माझा हात धरा."

ती बाई रडायचं विसरली. नवऱ्यानं तोंड मिटलं. मला कायद्याचं ते कलम पाठ होतं, परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती. पण ते कलम म्हणजे एखाद्या बाईचा जीव भांड्यात पडणं असतं, हे मला तोवर कळलेलंच नव्हतं!

कोर्टात सगळे त्यांना पाठीमागे 'यादी' म्हणत. समोर म्हणायची टाप नव्हती. तिरकस बोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि बोलायचे तेही 'आपण'च्या खाली न उतरता. मी एकदा उशिरा पोचले तर म्हणाले, "आपण आलात, बरं झालं. सूर्यास्ताच्या आत आलात." पहिल्यांदा मला असा राग आला होता! आमच्याकडे माणूस चिडला की चार शिव्या देतो आणि मग चहा पाजतो. इथे शिवी नाही आणि चहाही नाही.

चहावरून आठवलं. जप्तीच्या घरी ते पाणीसुद्धा घेत नसत. उन्हातान्हात तीन जिने चढून गेलेले असोत, कुणी माणुसकीनं पेला पुढे केला तरी हात जोडत. आणि बसत नसत. मी विचारलं, "काका, बसायला काय हरकत आहे?" म्हणाले, "बसायला 'बसा' म्हणावं लागतं. बेलिफाला कोणी म्हणत नाही. आता सवय गेली." एवढं बोलून ते दुसऱ्या विषयाकडे वळले, आणि मी मात्र दिवसभर त्याच वाक्याभोवती फिरत राहिले.

गरिबांसाठी यादी वाचत म्हणून ते मऊ होते असं समजू नका. एका बंगल्यात मालकानं चांदीचा अख्खा डिनर सेट पुढे मांडून सांगितलं, "ही शिजवायची भांडी आहेत. यादीत आहेत. हात लावायचा नाही." हे म्हणाले, "अस्सं? मग ह्या ताटात वरण शिजवून दाखवा. मी थांबतो." आणि खरंच थांबले! स्वयंपाकघराच्या दारात पाऊण तास उभे. शेवटी मालकाच्या आईनंच आतून ओरडून सांगितलं, "अरे, देऊन टाक त्यांना, माझा ओटा अडलाय!"

आणि त्यांचं घर! माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे. एका अहवालावर सही हवी होती म्हणून गेले, तर दारावर पाटी: 'घरात जप्त होण्याजोगे काही नाही. तरीही काम असल्यास कडी वाजवावी.' मी हसत आत गेले आणि हसू जागीच थांबलं. पाटी खरी होती. एक सतरंजी, दोन चादरी, दांडीवर कपडे, ओट्यावर भांडी. खुर्ची नाही, टेबल नाही, कपाट नाही, टीव्ही नाही. त्यांनी सतरंजी झटकली.

"बसा. ही अंथरुणात मोडते."

"आणि पंखा?" मी वर बोट केलं.

"घरमालकाचा."

"मोबाइल?"

"कोर्टाचे निरोप त्यावर येतात. कारागिराचं हत्यार."

एकटेच राहत. मला वाटलं, झालं, आयुष्यभर जप्त्या करून म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. तेव्हा मी तरुण होते आणि मला सगळ्यांचं सगळं चटकन समजत असे.

आता मावशींचं सांगते. ती हकीगत सांगायला बसले की आजही माझ्या अंगावर काटा येतो आणि आवाज चढतो, म्हणून आमच्या घरी मला ती जेवताना सांगायला बंदी आहे.

मावशी आमच्या अशील. विश्रांतवाडीच्या पलीकडे, गाव शहरात आलं त्या भागात, त्यांची जमीन होती. तिच्यावर विहीर आणि राहतं घर. बारा वर्षांपूर्वी रस्त्यासाठी सरकारनं सगळं संपादन केलं. रस्ता झाला, त्यावरून गाड्या धावल्या, दुभाजकात झाडं लावली, ती वाळली, पुन्हा लावली. घराचा आणि विहिरीचा मोबदला मात्र हातात पडला नाही. कोर्टानं मावशींच्या बाजूनं निकाल दिला, त्यालाही तीन वर्षं झाली. मावशी त्या रस्त्याच्या कडेलाच एका भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहत. दर महिन्याला संपादनाच्या कचेरीत जायच्या. तिसऱ्या मजल्यावर साहेबांच्या दाराबाहेर उभ्या राहायच्या. "प्रस्ताव वर गेलाय," असं ऐकून परत यायच्या.

"वर म्हंजी किती वर गं बाई?" त्यांनी मला एकदा विचारलं. "म्या बी जायचीच हाय वर. तितं गावला तर इचारीन." मग हसणं थांबवून म्हणाल्या, "मला पैशाचं कौतुक न्हाय. सोताच्या उंबऱ्याच्या आत मरायचं हाय, इतकंच."

सरकार पैसे भरत नाही म्हटल्यावर कोर्टानं शेवटी वॉरंट काढलं. साहेबांची खुर्ची आणि कचेरीतलं सामान जप्त करा! दुसऱ्या दिवसापासून कोर्टाला उन्हाळी सुट्टी. त्या दिवशी झालं नाही, तर सरकार सुट्टीत स्थगिती आणणार आणि पुन्हा दोन-चार वर्षं तारखा. वॉरंट गेलं कुणाकडे? आमच्या यादींकडे. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते.

मी तर उड्या मारायच्या बाकी होते. ज्या कचेरीनं घर नेलं त्या कचेरीची खुर्ची आज आम्ही नेणार! टेम्पो खाली उभा केला आणि मी, बेलिफकाका आणि मावशी तिसऱ्या मजल्यावर गेलो. लिफ्ट बंद होती. मावशी जिन्यात दोनदा थांबल्या, पण हात कोणाचा धरला नाही.

साहेब खुर्चीत होते. उंच पाठीची, चाकांची, काळी खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल. वॉरंट बघून त्यांचा चेहरा बदलला, पण क्षणभरच. "या, या. चहा सांगतो," म्हणाले आणि टेबलाखाली फोनवर काहीतरी टाइप केलं. मावशींना कोणी बसा म्हटलं नाही. आम्हालाही नाही. त्याच वेळी माझा फोन थरथरला. कोर्टातल्या मैत्रिणीचा मेसेज होता: 'सरकारी वकील स्टेसाठी उभे राहिलेत. लवकर करा!!!'

मी काकांच्या कानात पुटपुटले, "काका, स्थगिती येतेय. उचला खुर्ची!"

त्यांनी चष्मा लावला. खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"काका, आज नको! हे सरकार आहे, त्याला कुठलं अंथरूण-पांघरूण?"

"वाचल्याशिवाय उचलत नाही," ते म्हणाले. कागदाच्या चारी घड्या उलगडल्या. "एकदा वाचायचं राहिलं होतं."

आणि वाचायला लागले. सावकाश! एकेक शब्द! नेसायची वस्त्रं. शिजवायची भांडी. इथे बारा वर्षं पणाला लागली होती, मावशींचा उंबरा पणाला लागला होता, आणि हा माणूस त्या साहेबाला बैल आणि बियाण्याची खात्री देत होता! मला त्यांचा खरंच संताप आला. मावशी मात्र हात जोडून ऐकत होत्या.

यादी संपली आणि साहेब हसले. हुशार माणूस. "कारागिराची हत्यारं राहतील म्हणालात ना? मग ही खुर्ची माझ्या कामाचं हत्यार. हिच्याशिवाय माझं काम होत नाही. आपलीच यादी आहे. हात लावता येणार नाही."

संपलं, मला वाटलं. माझ्याच माणसानं शत्रूच्या हातात काठी दिली. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले,

"बरोबर आहे. कारागिराची हत्यारं मी सोडतोच. फक्त ह्या खुर्चीत बसून आपण आजवर काय घडवलंत, ते दाखवा. ह्या बाईंच्या फाइलपासून सुरुवात करा. मी थांबतो."

दारात जमलेल्या लोकांतून कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणी. बाहेर कायम उभं राहणारी सगळी मंडळी दारात गोळा झाली होती. साहेबांनी घाईघाईनं फोन वर केला. "हे बघा, स्थगिती मिळालीय! वकिलांचा मेसेज आलाय. थांबा आता."

"काहून थांबायचं?" माझ्या तोंडून सगळं वऱ्हाड एकदम बाहेर पडलं.

काकांनी फोनकडे मान झुकवली. जाड भिंगातून वाचलं आणि मोठ्यानं सांगितलं, "स्टे मिळेल. मिळा-ला नाही, मिळे-ल. साहेब, ह्या दोन्हींच्या मधे एक खुर्ची आरामात निघते. उठता का आपण?"

साहेब उठले! मी शपथेवर सांगते, दारातली माणसं टाचा उंचावून बघत होती. काकांनी आधी पाठीवरचा टॉवेल काढला, व्यवस्थित घडी घातली आणि साहेबांच्या हातात दिला. "हे वस्त्रात मोडतं. राहू द्या आपल्याकडे." मग खुर्ची कलती करून बुडाचा सरकारी नंबर वाचला. मी तो पंचनाम्यात लिहिला, दारातल्या दोघांनी पंच म्हणून सह्या केल्या, आणि काका स्वतः ती चाकांवरून ढकलत निघाले. लांबच लांब व्हरांडा, त्यात खुर्चीचा खडखडाट, दोन्ही बाजूंनी माणसं भिंतीला चिकटून वाट देतायत! जिन्यावर शिपाई हात लावीना, तर एका बाजूनं काका आणि एका बाजूनं मी. तीन मजले! माझी नखं मोडली, ओढणी फाटली, आणि मी हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं.

खाली अंगणात खुर्ची टेकवली. काका घामानं निथळत होते. मावशी मागून आल्या, धापा टाकत बाजूला उभ्या राहिल्या. काकांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"मावशी, बसा."

"मी? साहेबाच्या खुर्चीत?"

"साहेबाची नाही आता. कोर्टाची आहे. टेम्पोवाला दोर आणेपर्यंत कुणीतरी सांभाळायला हवी. बसा."

मावशी बसल्या. आधी कडेला, मग नीट. पाय जमिनीला पोचत नव्हते. त्या बसल्या आणि फाटकातून सरकारी वकील पळत आले, हातात स्थगितीचा ताजा कागद. काकांनी तो शांतपणे वाचला.

"'पुढील कारवाईस स्थगिती.' पुढील ना? ही मागची झाली. पुढील आम्ही थांबवतो. टेम्पोवाले, बाकीचं सामान राहू द्या हो, फक्त ही घ्या."

एक खुर्ची. अख्ख्या कचेरीतून आम्ही फक्त एक खुर्ची आणली. पण ती पुरली. न्यायाधीशांनी स्थगिती दिली होती तीच मुळी पैसे भरायच्या अटीवर आणि थोड्या दिवसांची. ते दिवस साहेब प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले, येणारा-जाणारा डोकावून बघत होता, आणि बारा वर्षं वर गेलेला प्रस्ताव मुदत संपायच्या आत खाली आला.

खुर्ची आणली त्या संध्याकाळी मी काकांशी भांडले. टेम्पोतच. "तुमच्या यादीपायी सगळं गेलं असतं! मावशींचं घर गेलं असतं!" मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वारगेटजवळच्या एका चाळीत जप्ती होती. घाई होती. एका बाईचं शिवणयंत्र त्यांनी उचललं. ती शिवणकामावर घर चालवत होती, यंत्र कायद्यानं राहायला हवं होतं. "मला ठाऊक होतं. त्या दिवशी लक्षात आलं नाही. आणि तिला ठाऊकच नव्हतं, मग ती काय बोलणार? तिनं यंत्रावरचं अर्धवट शिवलेलं परकर-पोलकं काढून घेतलं आणि मला वाट दिली." आठ दिवसांनी चूक ध्यानात येऊन ते चाळीत गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं. ती कुठे गेली, कुणालाच सांगता आलं नाही. "मी जिने उतरताना ती म्हणाली होती, 'जपून न्या, चाक ढिलं आहे.'"

माझं भांडण तिथेच संपलं. घरातली सतरंजी, दारावरची पाटी, न घेतलेलं पाणी, सगळं मला त्या टेम्पोत एकदम कळलं, आणि मघाशी त्यांच्यावर चिडले होते त्याची लाज वाटली. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, एवढंच.

वर्षभरानं मावशींनी घर बांधलं. दोनच खोल्या, पण स्वतःचा उंबरा. वास्तुशांतीला आम्हाला दोघांना बोलावलं. काका तोवर निवृत्त झाले होते, तरी दारात चपला काढून, चष्मा लावून, सवयीनं खिशाकडे हात नेऊन उभे राहिले. खोलीत पाहुणे सतरंजीवर बसले होते आणि मधोमध एकच नवी लाकडी खुर्ची ठेवली होती, रिकामी. काका तिच्यापाशी गेले, तिला कलती केली आणि बूड बघायला वाकले.

"काय बघताय वो?" मावशींनी विचारलं.

"नंबर."

"नंबर न्हाय तिला. इकत आनलीया. तुमच्यासाटी." मावशींनी पाण्याचा तांब्या उचलला. "बसा आता. हितनं न्यायचं काय न्हाय. समदं ठिवायचंच हाय."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे. खिशाकडे गेलेला हात त्यांनी खाली घेतला. ते बसले. कडेला नाही, पाठ टेकवून बसले. आणि म्हणाले, "मावशी, पाणी द्या."